धोंडीला नजर लागू नये म्हणून

आमच्या जाऊबाईला, छबूबाईला, वाईट म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई. पन चांगली म्हनले तर देव माझं तोंड फोडील. कामाला बाई वाघ. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव, डोंगराच्या पोटाला भाताची खाचरं. दिवसभर गुडघाभर चिखलात भात लावून यायची आन हातपाय धुतले न धुतले की चूल पेटवायची. एकाच गोष्टीला भ्यायची, नजरेला.

तिची पैली दोन पोरं तान्ही असतानाच गेली. मग तिसऱ्याला, रविराजला, तिनं मागल्या अंधाऱ्या खोलीत लपवला. जावळ होईस्तवर बाहेरच्याला तोंड दाखवलं न्हाई. पोरगं जगलं, शानं निघालं, आन बाईनं डोक्यात घेतलं की हाच इलाज.

आता मला सांगा, तवा घरात आमी चार जावा, पोरंसोरं, म्हातारी मानसं. खोलीची भिंत कुडाची, इकडं शिंकलं तरी तिकडं ऐकू जायचं. मला मूलबाळ न्हाई झालं, मग सगळी माया त्याच्यावरच. मी त्याच खोलीत दळायला बसले की रव्या माझ्या मांडीवर. त्यानं हुंकार दिला की मी पन द्यायची, ते खिदळायचं, मी गानं म्हनायची, निस्ता तमाशा! खोलीत अंधार हुता, पन घर गप्प न्हवतं. हे जाऊबाईच्या कधी ध्यानातच आलं न्हाई.

रविराजची बायको अश्विनी श्रीरामपूरची. त्यांचा पैला मुलगा पाच महिन्याचा हुऊन छाती भरून गेला. जत्रेत कुनीतरी म्हनलं हुतं, "काय गुटगुटीत हाय गं!" झालं! दवाखान्यात उशिरा नेलं ते ऱ्हायलं बाजूला, बाईनं त्या बोलनारीच्या नावानं बोटं मोडली.

मग ही पोरगी झाली. नाव ठिवलं धोंडी, म्हंजी सटवीलासुद्धा वाटावं, नको हा दगड. पोरीला मागल्या खोलीत टाकली, बाहेरनं कडी. आता घर सिमेंटाचं, मानसं तीन, मी भिंतीपलीकडं येगळी. रविराज दिवसभर टेम्पोवर. अश्विनीला हुकूम, "आईचीच नजर पैली लागती. पाजायचं आन बाहेर यायचं. तोंडाकडं बघत बसू नगंस, लाडानं बोलू नगंस." एक लेकरू पुरलेली बाई, ती काय उलटून बोलनार? मान फिरवून पदराखाली पाजायची.

एकदा मी दारापातूर गेले तर जाऊबाई आडवी झाली. "रंगू, तू नगं. तुझी कूस उजवली न्हाई. तुझी नजर लई वाईट."

माझ्या तोंडावर! जिच्या मांडीवर हिचा ल्योक बोलायला शिकला, तिला! मी पन म्हनले, "बाई, पोर हाय का लोनच्याची बरनी, झाकून ठिवायला?" घरी येऊन मातर पदर तोंडात कोंबून रडले.

अंगणवाडीच्या बाई यायच्या. "हिच्याशी बोला, खेळवा," म्हनायच्या. जाऊबाई इचारायची, "वजन भरलं का?" वजन भरायचं. "मग झालं तर!" दूध भरपूर, तेल भरपूर, पोरगी कशी गोल गरगरीत.

अकराव्या महिन्यात जावळ काढलं. पोरगी मामाच्या मांडीवर, म्होरं न्हावी. परकी मांडी, डोक्यावर गार पानी, वस्तरा, आन पोरगी रडंना. "किती गुनाची हाय गं!" बाया म्हनल्या. जाऊबाई फुलली. मला मातर ते पटंना. अगं, ह्या वयाचं लेकरू घर डोक्यावर घेतं, आईकडं झेप टाकतं! ही भिंतीकडं बघत हुती. मी टाळ्या वाजवल्या, तोंड वेडंवाकडं केलं. छे!

मीच रविराजला झापला. "आत्ताच्या आत्ता तालुक्याला ने." जाऊबाई आन अश्विनी पोरीला घेऊन गाडीत बसल्या, मी बी बसले, कोन अडवतं ते बघते म्हनलं.

डॉक्टरनं कान तपासले, डोळे तपासले, त्यात खोट न्हाई म्हनले. मग इचारलं, "घरात हिच्याशी बोलतं कोन?" मीच म्हनले, "कुनीच न्हाई." डॉक्टर म्हनले, पैल्या वर्षात लेकराचा मेंदू मानसाचं तोंड बघून, आवाज ऐकून, हुंकाराला हुंकार मिळून वाढतो. आजपासून लागा, बोला, खेळवा, तपासनीला आनत ऱ्हा. किती भरून निघंल ते आत्ता सांगता येत न्हाई.

घरी आल्यावर जाऊबाई पोरीम्होरं बसली. जलमभर खाचरात राबलेली बाई, लेकराशी बोलायचं काय तेच तिला ठावं न्हवतं. शेवटी पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठिवली. "रंगू, तू बोल. तुला येतंय."

"का? आता न्हाई व्हय लागत माझी नजर?" गिळायचं हुतं, पन निघालंच तोंडातनं.

पोरीचा काय गुन्हा? तिच्या तळव्याला फुंकर घातली, "बाळे, ए बाळे, हिकडं बघ की," म्हनले. ती माझ्या खांद्यावरनं पार पलीकडं बघत हुती. अश्विनी बी म्होरं आली, "मी आई," म्हनली. त्यांतलं काईच पोरीला पोचलं न्हाई. दुपटं आनायला म्हनून अश्विनी मागल्या खोलीकडं गेली, तिनं दाराची कडी काढली, आन पोरगी झटक्यात वळली. हातपाय हलवाया लागली, व्हट चोखाया लागली. कडी वाजली की दूध येतं, वरीसभरात तेवढंच शिकली हुती.

अश्विनीनं ते बघितलं. तिथंच उंबऱ्यात बसली आन सासूला म्हनली, "आत्याबाई, मग मी हिची कोन?"