उशाकडच्या दोन विटा

मला हायटस हर्निया आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. डॉक्टरांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायला सांगितल्या आणि मला झोप लागू लागली.

मग मेव्हण्यानं वास्तुतज्ज्ञ आणला. पांढरा सफारी, हातात होकायंत्र, रुबाब जिल्हाधिकाऱ्याचा. आमचा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत सहा वर्षं कंत्राटावरच आहे. त्याचं कारण या गृहस्थाला माझ्या पलंगाखाली सापडलं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, विटा काढा की. लक्ष्मी घसरतीय त्यानं."

"घसरू दे. माझं जेवण वर येतंय, ते कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आडवा झालो आणि घसा पेटला. विटा अंगणात होत्या.

बायको म्हणाली, "दादानं काढल्या. पोराचं व्हावं म्हणून मीही गप्प बसले."

पोराला कायम न करणाऱ्या मालकाला कुणी जाब विचारत नव्हतं. चौकशी माझ्या पलंगाची चालली होती.

वाकायचं नाही, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. रागारागानं मी वाकूनच विटा लावायला लागलो. बायकोनं पलंग उचलून धरला.

मेव्हण्याला मी अजून घरात घेतलेलं नाही.