कुटारकाकूंचा गाल

कुटारकाकू गायीला घालायचं कुटार, म्हणजे गव्हाचा भुसा, आधी स्वतःच्या गालावर चोळून बघत. पाटीतली एक मूठ उचलायची, डोळे मिटायचे आणि गालावरून, ओठांवरून सावकाश फिरवायची. टोचलं की ती पाटी पुन्हा चाळणीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले टोचते तर तिले नाही टोचणार काय? मी सांगू तरी शकतो. ती कोणाले सांगन?"

रायपूरच्या चौबे कॉलनीमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते. नोकरीसाठी साताऱ्याहून आलेली, एकटी. काकू मूळच्या वर्धेकडच्या; नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर त्यांनी अंगणात पत्र्याचा गोठा घातला आणि मैना नावाची गाय आणली. इथे सगळे जनावरांना पैरा, म्हणजे भाताचा पेंढा घालतात. काकूंना मात्र मळणीतून निघालेलं गव्हाचं कुटारच लागे. पैरा खाऊन गाय आळशी होते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्याला आधार काय, ते विचारायची सोय नव्हती. गल्लीने त्यांचं नावच कुटारकाकू पाडलं आणि त्यांनी ते मानानं मिरवलं.

माया करायची त्यांची रीत भांडणासारखी होती. मी तापाने पडले तेव्हा आठ दिवस मऊ भात वर आणून दिला, आणि प्रत्येक घासाला मी स्वतःची काळजी कशी घेत नाही यावर बोलणी ऐकवली. "पोट्टी शिकली लय, पण जेवाचं समजत नाही," हे त्या माझ्यादेखत शेजारणीला सांगत. मला राग येत नसे. त्या परक्या गावात मला असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी त्या चार दिवस बहिणीकडे नागपूरला गेल्या आणि मैनाला माझ्यावर सोपवलं. त्यांनी स्वतः चाळून, गालाला लावून कोपऱ्यात ठेवलेलंच कुटार घालायचं, वर थोडं पाणी शिंपडायचं आणि गालाला लावल्याशिवाय पुढे करायचं नाही, असं तीनतीनदा बजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, गाय सांभाळणं म्हणजे काही रॉकेट उडवणं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने अभनपूरच्या शेतावरून वाळवलेल्या गव्हाच्या दोन पेंढ्या आणून दिल्या. पाणी कमी पडलं, दाणा भरेना, म्हणून त्यांनी ओंब्यांसकट गहू हिरवाच कापून वाळवला होता. "दीदी, गाय को खिलाओ, भूसे से बहुत अच्छा है," तो म्हणाला. रंग खरंच सुंदर होता, वासही गोड. काकू आल्यावर कौतुक करतील, या हौसेने मी एक पेंढी सोडून मैनापुढे टाकली. गालाला लावली नाही. कुणी बघेल तर काय म्हणेल, एवढंच मनात आलं.

ती पेंढी तिने दोन दिवस खाल्ली. मग खाणं सोडलं. तोंडातून लाळ गळत होती. चौथ्या दिवशी काकू आल्या, पिशवी दारातच टाकली आणि मैनाचं तोंड उघडून बोट घातलं. जिभेखालून, हिरड्यांतून ओंब्यांची लांब कुसळं निघाली, रक्ताने माखलेली. काकूंनी मला विचारलं, "नवीन काही घातलं काय वं?"

दुसरी पेंढी तेव्हा माझ्या गॅलरीत होती. मी म्हणाले, "नाही काकू, तुमचंच कुटार घातलं."

त्यांनी एकदाही संशय घेतला नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी मीच त्यांची नजर चुकवत होते. दुसऱ्या सकाळी ऑफिसला जाताना ती पेंढी मी रिकाम्या प्लॉटवर फेकली. परत आले तेव्हा काकू कुटाराच्या ढिगाशी बसून मुठीमागून मूठ गालाला लावत होत्या. गाल लाल झाला होता. काहीच टोचत नाही, म्हणाल्या. कातडी मेली असावी, वय झालं.

मैना बरी झाली, पण काकूंचा स्वतःवरचा विश्वास गेला तो गेलाच. दोन महिन्यांत त्यांनी गाय एका ओळखीच्या माणसाला दिली आणि त्या बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. रोज मी ठरवत होते, उद्या सांगू. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं, तेव्हाही माझ्या तोंडून ब्र निघाला नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. बहिणीच्या शेजाऱ्यांनी गाय घेतलीय, चाऱ्याचं बघायला बोलावतात, पण आपण हात लावत नाही, असं सांगत होत्या. "माह्या हाताचा आता काय भरवसा."

मग मी सगळं सांगितलं. पेंढी, ओंब्या, गॅलरी, प्लॉट. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी फोन हातात धरूनच आत बहिणीला हाक मारली, "अवं कमल, मैनाचं ते माह्या हातून नव्हतं झालं."

त्यांच्या आवाजात निव्वळ आनंद होता. माझ्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दोघी बहिणी आत बोलत राहिल्या आणि मी इकडे फोन कानाला लावून ऐकत उभी राहिले.