बॅजखालचं नाव

काल ग्रंथालयाच्या काउंटरपाशी एक विद्यार्थिनी वडिलांना फोनवरचा बॅज दाखवत होती. माहिती पारखायचा अभ्यासक्रम पुरा केला की आमच्या कॉलेजात हा गोल, हिरवा डिजिटल बॅज मिळतो. खाली ग्रंथपाल म्हणून माझं नाव असतं.

"म्हणजे काय येतं गं तुला?" वडिलांनी विचारलं.

"एखादी माहिती खरी की खोटी, ते शोधता येतं, पप्पा."

त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि बॅज पुन्हा निरखला. माझे अण्णाही असाच चष्मा पुसायचे. गावाहून रोज मला कुठले कुठले मेसेज पाठवायचे आणि खाली लिहायचे, "हे खरं का गं?" मी वर्गात मुलांना स्रोत तपासायला शिकवून बाहेर पडायची आणि चालता चालता, न वाचताच, अण्णांना अंगठा पाठवायची. मेसेज मिळाला, एवढंच मला म्हणायचं असायचं. अमुक काढा घेतला की रक्तदाबाच्या गोळ्या लागत नाहीत, या मेसेजलाही मी अंगठाच पाठवला. अण्णांनी गोळ्या सोडल्या. "लेक हो म्हणाली," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. ते गेल्यावर मला हे कळलं. विश्वास कुणावर ठेवायचा, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, आता प्रत्येक मेसेज हिलाच विचारणार," ते गृहस्थ कौतुकाने म्हणाले.

"विचारा," मी म्हटलं आणि मुलीकडे वळले. "वाचल्याशिवाय उत्तर देऊ नकोस गं त्यांना."

ती हसून मान डोलावत गेली. तिला ते वर्गातलंच वाक्य वाटलं.