शरणूचं जेवण आणि अप्पांची आंघोळ

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा टाकी, बादल्या, घागरी, जमलं तर पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत जपून वापरायचं. अशा घरात एक म्हातारा माणूस एकाएकी दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागला तर सुनेनं काय म्हणावं? म्हणाले मी. चांगलं खडसावून म्हणाले.

म्हातारा माणूस म्हणजे माझे सासरे, चनमल्लप्पा. सगळं घर त्यांना अप्पा म्हणतं. बाळीवेशीत राहतो आम्ही. मार्केट यार्डात अप्पांचं ज्वारीचं दुकान होतं, आता माझा नवरा प्रभुलिंग बघतो ते. अप्पांचा नेम कडक. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. केकमध्ये अंडं असतं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरातले वाढदिवस शेंगापोळीवर होतात. आणि ज्या घरात मटण शिजतं त्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, हा तर त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. दुकानात ज्ञानबा म्हणून हमाल होता, अप्पांच्या जिवाभावाचा. आमच्या मागच्याच बोळात घर त्याचं. दर सणाला म्हणायचा, "शेट, एकदा घरला या की." अप्पा जायचे, दारात उभं राहून दोन शब्द बोलायचे आणि तसेच परत यायचे. ज्ञानबा काही वाईट वाटून घ्यायचा नाही. निदान आम्हाला तसं वाटायचं.

सासूबाई गेल्या आणि अप्पांचं बोलणंच आटलं. जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे, ओसरीवर जाऊन बसायचे. माझ्याशी भांडतसुद्धा नव्हते, म्हणजे बघा.

अशात माझे धाकटे दीर अनिलकुमार बेंगळुरूहून मांजर घेऊन आले. साधंसुधं नव्हे. सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके, चाल अशी की पाहणाऱ्यानं दोन पावलं मागं व्हावं. बंगाल जातीचं म्हणे. कुठल्या तरी पिढीतला आजा रानमांजर आणि आजी घरातली मनी, अशी सोयरीक जुळवून काढलेली जात. अनिलभावजींना कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी धाडलं होतं. मांजर आमच्या दारात, सोबत खाण्याची भलीमोठी पिशवी आणि "वहिनी, तेवढं सांभाळा." मी म्हटलं, घ्या, एवढंच राहिलं होतं. गल्लीत तर दोन दिवस बोलबाला, चनमल्लप्पांनी बिबट्याचं पिल्लू पाळलं म्हणून. त्या जनावराला पाण्याचं भारी वेड. भरलेली बादली दिसली की आत पाय. मी झाकणं ठेवून ठेवून दमले.

पण अप्पांनी त्याला मांडीवर घेतलं, कपाळावरून बोट फिरवलं आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "शिवलीला, हे बघ. तीन पट्टे. विभूती लावूनच आलाय हा."

झालं. मांजराचं नाव शरणू पडलं. अनिलभावजींनी ठेवलेलं इंग्रजी नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. अप्पांनी चष्मा लावून खाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं, त्यात कोंबडी निघाली, मासा निघाला. पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली, कुठल्या कुत्र्यांनी खाल्ली कोण जाणे. विभूती लावलेला जीव आपल्या घरी आला तो आपल्यासारखंच खाणार, असा निकाल लागला. दूधभाकरी, तूपभात, दही, कधी पनीर. शरणू वास घ्यायचा, अप्पांकडे बघायचा आणि भुकेपोटी खायचा. अप्पा त्याच्याशी कानडीत तासन्‌तास बोलायचे. सासूबाईंशीही एवढं बोलले नसतील. मला म्हणाल तर बरं वाटत होतं. घरात पुन्हा आवाज होता.

मग शरणूचं काहीतरी बिनसलं. आधी कपाटावरून माळ्यावर उडी मारायचा, ती बंद झाली. अंगावरचं तेज गेलं, केस हातात यायला लागले. एकदा दिवेलागणीला चालता चालता उंबऱ्याला धडकला. मी घाबरून अनिलभावजींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला मांस देत नाही? मांजराला मांस नाही मिळालं तर त्याचे डोळे जातात. हृदय थकतं. मरेल तो."

मी तशीच ओसरीवर गेले आणि अप्पांना सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "या घरात मांस येणार नाही."

"घरात नको. मागच्या अंगणात देते मी."

"अंगण घरातच येतं."

"निदान डॉक्टरांकडे तरी नेते."

"कुठं न्यायचं नाही. सुम्ने बस."

आता सुम्ने बस म्हटल्यावर मी गप्प बसणारी असते तर या घरात एवढी वर्षं टिकलेच नसते. मी म्हटलं, "अप्पा, नेम तुमचा. तुमच्या नेमापायी मुकं जनावर आंधळं होऊन मेलं तर ते पाप कुणाच्या माथी?"

बोलून गेले. अप्पा त्या रात्री जेवायलाही उठले नाहीत. प्रभुलिंग मला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात होय?" मी म्हटलं, मग तू बोल गोड गोड.

दुसऱ्या दिवसापासून हे दोनदा आंघोळीचं सुरू झालं. ऊन कललं की अप्पा शरणूला वेताच्या टोपलीत घालायचे, वर पंचा झाकायचे आणि "मठाकडे जाऊन येतो" म्हणून निघायचे. परत आले की आधी मोरीत. डोक्यावरून पाणी. मला वाटलं, माझ्या बोलण्याचं प्रायश्चित्त चाललंय, का देवाला साकडं घालतायत. राग यायचा. मांजर मरायला टेकलंय आणि हे त्याला मठात फिरवतायत, वर माझ्या बादल्या रिकाम्या करतायत. मी रोज बडबडायचे. "अप्पा, पाणी काय विहिरीचं आहे का आपल्याकडे?" ते ओल्या अंगानं पूजेच्या खोलीत निघून जायचे.

मला मात्र भीतीनं झोप लागत नव्हती. शरणू गेला तर अप्पा पुन्हा ओसरीवर मुके होऊन बसतील, आणि या खेपेला आपणच मारलं हे मनात घेऊन बसतील. त्यातून ते उठले नसते. मी त्या मांजराच्या तोंडाकडे बघायलासुद्धा भ्यायचे.

अखेर अक्कलकोटला नात्यात लग्न निघालं. अप्पांना जाणं भागच होतं. ते आणि प्रभुलिंग गेले आणि मी शरणूला पिशवीत घालून, फक्त मुंडकं बाहेर ठेवून, स्कूटरवर डॉक्टर अंकितांकडे नेलं. जनावरांच्या डॉक्टर आहेत त्या, आमच्याच ओळखीतल्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. मी मनात म्हणत होते, मल्लिकार्जुना, एवढ्या वेळेला सांभाळ.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयही ठीक आहे. मध्ये आबाळ झालेली दिसते, पण नवे केस यायला लागलेत. खायला काय देता?"

"दूधभाकरी," मी मान खाली घालून सांगितलं.

त्या हसल्या. शरणूचं तोंड उघडून त्यांनी चिमट्यानं दाढेजवळून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पांढरा धागा होता. "ताई, ही कोंबडी आहे. हे मांजर दूधभाकरीवर नाही. जे देताय तेच चालू ठेवा."

मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. शेजारी एक बाई कुत्रं घेऊन बसल्या होत्या, त्यांना वाटलं माझं मांजर गेलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, नाही हो, वाचलं.

घरी येताना डोक्यात एकच, की देतंय कोण? मागच्या बोळातून स्कूटर वळवली तर पिशवीत शरणू उसळायला लागला. ज्ञानबाच्या दाराशी त्यानं असा गळा काढला की मला गाडी थांबवावीच लागली. आतून ज्ञानबाची बायको बजाबाई पदराला हात पुसत आली.

"आलं का माझं वाघरू? आज तुमी आणलं व्हय? शेट कुटं हाईत?"

शरणू पिशवीतून उडी मारून सरळ आत गेला, चुलीजवळच्या जर्मनच्या ताटलीपाशी. बजाबाईनं उकडलेली कोंबडी आधीच सोलून ठेवली होती.

"शेट रोज येत्यात?" मी विचारलं. माझ्याही तोंडी तिचीच भाषा आली.

"रोज येत्यात की. तितं बसत्यात." तिनं कोपऱ्यातला पाट दाखवला. पाट भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. "भिंतीकडं बघून, गळ्यातलं लिंग हातानं झाकून, वचनं म्हणत बसत्यात. पयल्या दिशी मी म्हणलं, शेट, तुमास्नी वास सोसायचा न्हाय, भायेर बसा. तर म्हणले, न्हाय, आपला माणूस जेवायला आणायचा आन्‌ आपुन दारात हुबं ऱ्हायाचं, ते बरं दिसत न्हाय."

तिनं पदर डोळ्याला लावला. "उभा जलम बोलवलं आमी त्यास्नी. आमच्या धन्यानं तर आशाच सोडली हुती. आता दोगं बसत्यात बोलत. परवा च्या बी घेतला. मी नवा कप आणला हुता त्यास्नी. तर म्हणले, नवा कशाला, ज्ञानबा पितो त्यातच दे."

मला आधी रागच आला. आता खरं सांगायला काय हरकत? मी इकडे जिवाला घोर लावून घेतला होता, सांगायला यांचं काय जात होतं? पण मग ती आंघोळ आठवली, आणि मी दिलेले टोमणे. घरात आल्यावर मी बादल्या पाहिल्या. पाणी तळाला गेलं होतं. शेजारी एका घागरीची भीक मागितली आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

अप्पा लग्नाहून आले ते थकलेले. टोपी काढायच्या आत नजर शरणूला शोधत होती. शरणू माळ्यावर होता, उडी मारून गेलेला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोरीतल्या वाफेकडे.

"हे पाणी कुणाला?"

"तुम्हाला. शरणूला फिरवून आणा, आल्यावर लागेल की."

अप्पा पंचा हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. त्यांनी विचारलं, "नळाला पाणी आलं होतं का आज?"

"आलं होतं की. भरपूर."

पाणी उद्या येणार होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी शरणूला खाली बोलावलं, टोपलीत घातलं, वर पंचा झाकला. दारात चप्पल घालताना जरा रेंगाळले, तेव्हा मी म्हटलं, "आणि अप्पा, चहा तिकडंच घेऊन या. मी हितं ठेवत नाही."

त्यांनी टोपलीवरचा पंचा काढला, खांद्यावर टाकला आणि शरणूला गल्लीभर सगळ्यांना दिसेल असा उघडाच घेऊन ज्ञानबाच्या घराकडे निघाले.