वाणात गेलेली मोहरी

शेतकी कॉलेजात सरांनी मला पहिल्यांदाच स्वतंत्र प्रयोग दिला होता. मोहरीच्या अर्ध्या कुंड्यांवर एक पातळ फवारा मारायचा. तो मावा या किडीला मारत नाही, रोपालाच सावध करतो. मग ते रोप माव्याला नकोसं होतं, असं म्हणतात. नंतर सगळ्याच कुंड्यांत मावा सोडायचा आणि बघायचं. नीट जमलं तर शेतावरचं मोठं काम मला मिळणार होतं. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर ठेवलेल्या त्या कुंड्यांचा मान होता. जरा जास्तच.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी घरी आले, तर आईचं हळदीकुंकू आटोपलं होतं आणि गच्चीवर निम्म्याच कुंड्या होत्या.

"आई, बाकीच्या कुठे गेल्या?"

"वाण दिलं. दरवर्षी काय प्लास्टिकचे डबेच वाटायचे?"

मी पायरीवरच बसले.

"आता काहून रडून राहिली? तुझ्यासाठी ठेवल्या ना अर्ध्या!"

उरलेल्या कुंड्यांचे शेंडे माव्याने चिकट झाले होते. फवारलेल्या कुंड्यांना मी बुडाशी खडूने खूण केली होती. एकेक उचलून पाहिली. एक सोडली तर खूण कशालाच नव्हती.

"तू निवडल्यास कशा?"

"कशा म्हणजे? ज्यांवर किडे नव्हते त्या. सवाष्णीच्या हातात किडकी कुंडी देऊ का मी?"

खुणेचं तिला काहीच माहीत नव्हतं. मला रडता रडता हसू आलं.

वाण परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन मीच दारोदार निघाले. राइट टाउनमध्ये राहणाऱ्या, वाण नेलेल्या एका काकूंनी दारातच विचारलं, "काय गं, न्यायला आली?"

"नाही काकू, किडे मोजायला."

"आमच्याकडे किडे? अच्छा! आत ये, दाखव तर."

फारसे सापडले नाहीत. काकू जिंकल्यासारख्या हसल्या.

सरांना सगळं खरं सांगितलं. "माताजी को पता नहीं था ना, फुहार किस पर पड़ी है?" त्यांनी विचारलं. मी "नव्हतं" म्हटलं. "इसे सबूत नहीं कहेंगे. पर बात में दम है. खेत में दोबारा करो, तुम ही करो."

मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून म्हणाले, "और त्योहार कब-कब हैं, माताजी से पूछ लेना."