मॅनेजरची बदली

आमच्या घरात आंघोळ हा शब्द बोलायची सोय नाही. माणसांनी आंघोळ करावी, खुशाल करावी, पण गुपचूप. मी बाथरूमकडे निघाले की सासूबाईंना नुसतं "जाऊन येते" म्हणते आणि त्या परगावी निघाल्यासारखा मला निरोप देतात. कारण तो शब्द कानावर पडला की आमचा कुत्रा पलंगाखाली शिरतो आणि मग पलंग हलायला लागतो. कुत्रा जवळजवळ पलंगाच्याच मापाचा आहे.

त्याचं नाव मॅनेजर. दिवसभर दारात बसून दुसऱ्यांना काम करताना बघतो आणि मधूनच एक मोठा सुस्कारा सोडतो, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं. त्याला घरात आणला माझ्या नवऱ्याने. हे डेपोत बस धुतात. गाड्या फेऱ्या संपवून परत आल्या की आतून झाडायच्या, बाहेरून मोठ्या पाइपने धुवायच्या, सकाळच्या आत चकाचक करून उभ्या करायच्या. एकदा मागच्या चाकाच्या वर चिखलाचा गोळा चिकटलेला दिसला, म्हणून ह्यांनी त्यावर पाण्याचा झोत सोडला, तर गोळा किंचाळला. बघतात तर पिल्लू. ते सदऱ्यात गुंडाळून हे घरी आले आणि मला म्हणाले, "दोन दिवस राहू दे गं, जरा सुकलं की सोडू." सुकलं, वाढलं, आणि आता मागच्या पायांवर उभं राहिलं की माझ्या दोन्ही खांद्यांवर पंजे ठेवतं.

पाण्याची धास्ती त्याने तेव्हापासून घेतलीय. ज्या माणसाने ती धास्ती घातली त्याच माणसाच्या हातून तो अंग धुऊन घेतो. दुसऱ्या कुणी नुसती बादली उचलली तरी दात दाखवतो. ह्यात कुठला न्याय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. मी त्याला खायला घालते, मी त्याचे केस झाडते, आणि दात मला.

बरं, आंघोळ चुकवूनही चालत नाही. त्याच्या कातडीला सारखी खाज सुटते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिलाय, तो फेस होईपर्यंत चोळायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि मग थेंबभरही न ठेवता धुऊन काढायचा. फेस अंगावर सुकला तर खाज दुप्पट. आणि आंघोळ लांबली की वरून घरमालकीणबाईंचा फोन येतो. आमच्या डोक्यावरच राहतात, पण जिना उतरायचा कंटाळा. "तुमच्या कुत्र्याचा वास येतोय हो," एवढं बोलून फोन ठेवतात.

तर शब्दाचं सांगत होते. आंघोळ कळायला लागल्यावर आम्ही स्नान म्हणायला लागलो. ते त्याने आठवड्यात पकडलं. मग धुणं, मग कार्यक्रम. मेला भारी हुशार, माझ्या भावाला इतक्या वर्षांत माझ्या नजरेतलं कळत नाही आणि ह्याला आवाजातलं कळतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी हे पलंगावर डोळे मिटून पडले होते, तसेच म्हणाले, "बदली म्हणा."

सासूबाईंना हसू आवरेना. मॅनेजरची बदली! मीही हसले. नंतर भांडी घासताना मात्र माझं हसू गेलं.

ह्यांचा डेपो गावाच्या पार पलीकडे, इतका लांब की रोज जाणंयेणं जमत नाही. तिथेच विश्रांतीच्या खोलीत सहा माणसांच्या घोरण्यात झोपतात आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येतात. आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला, जिथले हॉर्न मला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येतात, तिथेही एक डेपो आहे. तिथे बदली मिळावी म्हणून ह्यांनी अर्ज केला तेव्हा मॅनेजर जन्मालाही आला नव्हता. त्या काळात हा शब्द घरात उठता बसता असायचा. बदली झाली की कपाट घेऊ. बदली झाली की पाठ डॉक्टरला दाखवू. बदली झाली की रोज संध्याकाळी एकत्र जेवू. मग वर्षं गेली आणि एकेक करून सगळ्यांनी तो बोलायचा सोडला. कुणी ठरवून नाही, आपोआपच. शब्द घरात नुसता पडून होता, म्हणून ह्यांनी तो कुत्र्याला देऊन टाकला.

गल्लीभर झाला तो. शाम्पू आणायला गेले की दुकानदार विचारतो, "काय, आज बदली?" घरमालकीणबाईसुद्धा फोनवर म्हणायला लागल्या, "बदली कधी करताय?" मॅनेजरलाही तो यथावकाश कळला. पण आता आणखी नवा शब्द शोधायचं त्राण आमच्यापैकी कुणात उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. हे रात्रपाळी करून सकाळी घरी आले. हात पाण्याने पांढरे पडून सुरकुतलेले, बोटांच्या पेरांना चिरा. चहाचा कप धरतानाही तोंड वाकडं केलं. ह्यांचा मोबाइल बंद पडलेला होता, कारण मागच्या बदलीच्या वेळी मॅनेजरने तो शेपटीने बादलीत पाडला होता. म्हटलं, दुरुस्तीला टाकू या का? तर म्हणाले, "झोपू दे आधी." आणि जमिनीवरच चटई टाकून असे झोपले की मॅनेजर येऊन त्यांच्या पोटावर मान टेकून पडला तरी हलले नाहीत.

मी शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा पोचवायला बाहेर गेले आणि त्या वेळात सासूबाईंच्या मोबाइलवर फोन आला. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं आणि फोन नेमका त्याच कानाला लावायची त्यांना सवय. मी परत आले तर त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन बसलेल्या.

"बाईंचा फोन होता," त्या मला खालच्या आवाजात म्हणाल्या. "चांगल्या कडक बोलत होत्या आज. बदली आज संध्याकाळच्या आत झाली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

"जागा दुसऱ्याला? इतकी मजल?" माझं डोकंच फिरलं. "भाडं वेळेवर देतो आपण!"

"मी म्हटलं, मुलगा रात्रपाळी करून आलाय, झोपलाय. तर म्हणाल्या, उठवा. मी म्हटलं, मुळीच नाही उठवणार, उठला की लगेच करेल. तर म्हणाल्या, स्वतः यायला सांगा, ऑफिस बंद व्हायच्या आत."

"ऑफिस कसलं?"

"असेल त्यांच्या मुलाचं. मला काय ठाऊक!"

सांगा, आता ह्यात कळायचं काय बाकी होतं? पण आम्हाला नाही कळलं. मला नाही कळलं, आणि हे उठल्यावर ह्यांना हेच सगळं जसंच्या तसं सांगितलं, तर ह्यांनाही नाही कळलं. ज्या माणसाने त्या शब्दासाठी साहेबांच्या दारात चपला झिजवल्या, त्याने तो ऐकला आणि पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली.

"चला मॅनेजर," हे जांभई देत म्हणाले. "आज आपल्यामुळे सगळे रस्त्यावर येतायत."

मॅनेजर पलंगाखाली. ह्यांनी पुढचे पाय धरले, मी मागून ढकललं, सासूबाईंनी पावाचा तुकडा दाखवला. पाव खाल्ला आणि परत आत गेला. मग हे स्वतःच पलंगाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. वाकून बघते तर दोघं शेजारी शेजारी पडलेले, ह्यांचे डोळे मिटलेले.

"अहो, झोपलात की काय!"

"नाही गं. समजूत काढतोय."

अखेर ओढत, उचलत, त्याच्या नखांनी फरशीवर ओरखडे पाडत वरात बाथरूममध्ये पोचली. एवढा मोठा प्राणी, पण अंगावर पहिला तांब्या पडला की लहान बाळासारखं कण्हायला लागतो. हे त्याला कधी पाइप लावत नाहीत. कोमट पाणी, तांब्याने, पायांपासून वर, आणि तोंडाने अखंड बडबड. "हा पाय झाला. हा बघ, हा पण झाला. आता पाठ. पाठ माझीपण दुखते, मी रडतो का?" मध्येच मॅनेजर अंग झाडतो आणि भिंती, आरसा, माणसं, सगळी धुऊन निघतात. शाम्पू लागला तशा ह्यांच्या बोटांच्या चिरा झोंबायला लागल्या. हे ओठ चावून चोळत राहिले. मला त्या क्षणी घरमालकिणीचा इतका राग आला की वर जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं.

मॅनेजर फेसाने पांढराशुभ्र झाला आणि तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. ह्यांचा जुना दोस्त, रस्त्याच्या टोकाच्या डेपोत मेकॅनिक आहे. सगळे त्याला पाना म्हणतात. पाना धावतच आत आला.

"अरे, तू इथे कुत्रा काय धुतोयस! सही केलीस का?"

"कसली सही?" हे म्हणाले.

"कसली म्हणजे? आमचा धुलाईवाला नोकरी सोडून गेला, तुझा नंबर लागला! तुझा फोन लागेना म्हणून मोठ्या ऑफिसमधल्या बाईंनी सकाळी घरच्या नंबरवर फोन केला म्हणे. आज संध्याकाळच्या आत येऊन सही केलीस तर बदली तुझी, नाहीतर जागा यादीतल्या मागच्याला!"

नळ तेवढा चालू होता. सासूबाईंनी हातातला पाव खाली ठेवला.

मी त्यांच्या मोबाइलवरून सकाळच्या नंबरला फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला, तेच. तोवर हे पानाच्या स्कूटरवर मागे बसलेसुद्धा होते. पँट गुडघ्यापर्यंत, हात कोपरापर्यंत फेसाचे, पायांत चपला नाहीत. "अहो, चपला!" मी ओरडले, पण स्कूटर गेली होती.

मागे राहिलो आम्ही तिघं. मी तांब्या उचलला तर मॅनेजर गुरगुरला. मग माझा तोल गेला. "गुरगुर! माझ्यावरच गुरगुर! त्या माणसाचं अर्धं आयुष्य लोकांच्या गाड्या धुण्यात गेलं आणि उरलेलं तुला धुण्यात, आणि एक दिवस, एकच दिवस नशीब दारात आलं तर आम्ही काय केलं? पाणी तापवलं!" बोलता बोलता मला रडूच आलं, रागाचं रडू. मॅनेजर फेसासकट माझ्या बाजूने निसटला आणि जाऊन दारात बसला, रस्त्याकडे तोंड करून.

"माझ्यामुळे झालं ना?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो आई. ह्या मेल्या शब्दामुळे झालं."

पण त्यांनी डोळ्यांना लावलेला पदर काढला नाही.

हे परत आले तेव्हा दिवे लागले होते. स्कूटरचा आवाज नाही, चालत आले. दारात मॅनेजर तसाच बसलेला, फेस अंगावर सुकून पापुद्रे झालेले, मागच्या पायाने खरवडतोय. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी आहे का गं कोमट?"

मी विचारणार होते, पण विचारलं नाही. पाणी दिलं. ह्यांनी त्याला ओढत आत नेलं, तो कण्हत राहिला, हे तांब्या ओतत राहिले. ह्या वेळी बडबड नव्हती. एकेक पाय, पोट, मानेखालची घडी, सगळं हाताने तपासून तपासून धुतलं. मग पाठमोरेच म्हणाले, "ऑफिस उघडं होतं. बाईपण होत्या. मागच्याची सही झाली होती. नुकतीच. पेन अजून टेबलावरच पडलं होतं."

"तुम्ही सांगितलं नाही का, की चुकून..."

"काय सांगू? कुत्र्याची आंघोळ समजलो म्हणून?"

मॅनेजरने शब्द ऐकून कान पाडले. आंघोळ तर चालूच होती बिचाऱ्याची.

"आता कधी?" मी म्हटलं.

"कुणी सोडून गेलं, कुणी रिटायर झालं की. पहिला नंबर आता आपलाच आहे म्हणाल्या." तांब्या बादलीत टाकून हे भिंतीला धरून उठले. पाठ सरळ व्हायला वेळ लागला. आईजवळ गेले, त्यांच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि म्हणाले, "तू बरोबरच निरोप दिलास की. ऐकणारेच बहिरे." मग न जेवता चटईवर आडवे झाले.

मी फरशी पुसली. मॅनेजर ओलाच्या ओला त्यांच्या पायाशी येऊन पडला. मला वाटलं, हे झोपले.

"अगं," हे डोळे मिटूनच म्हणाले. "ह्याच्यासाठी दुसरा शब्द शोध."

"कळतात तर त्याला सगळेच. आता कुठला शोधू?"

"कुठलाही शोध. हा मला लागणार आहे."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय गं? काय म्हणतोय तो?"

"बदली हवीय म्हणतायत!" मी त्यांच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल अशी मोठ्याने ओरडले.

मॅनेजर दचकून उठला आणि पलंगाखाली गेला.