गुरुजींचा मुनगा

मागच्या संक्रांतीला मी रघुनाथ गुरुजींना भेटायला चंद्रपूरला त्यांच्या मुलीकडे गेले, तेव्हा नेहमीप्रमाणे मुनग्याच्या पाल्याची भाजी घेऊन गेले होते. शेवग्याला आमच्याकडे मुनगा म्हणतात. नव्वदी ओलांडलेल्या गुरुजींनी चार घास खाल्ले, "छान झाली" म्हणाले आणि हळूच गूळ मागितला... तीच आमची शेवटची भेट. होळीच्या आधी ते गेल्याचा निरोप आला.

ते आमच्या गावात आले तेव्हा जिल्ह्याचं नावही चंद्रपूर नव्हे, चांदाच होतं. चामोर्शीच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, वसलेलं आमचं गाव, आणि एका खोलीची शाळा. गुरुजी वर्ध्याकडचे, जेमतेम विशीतले, काटकुळे. ट्रेनिंगहून येताना त्यांनी आहाराचा एक रंगीत तक्ता आणला होता. त्यावर सफरचंद, द्राक्षं, लोण्याचा गोळा. यातलं काय काय कोणी खाल्लंय, असं त्यांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, हे टमाटर लय मोठं हाये!" गुरुजी इतके हसले की खडू हातातून पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता उलटा टांगला आणि कोऱ्या बाजूवर आमच्याकडूनच चित्रं काढून घेतली. मुनगा, अंबाडी, जवस, तेंदूची टेंभरं, बोडीतले म्हणजे गावतळ्यातले मासे. माझा मासा बैलासारखा दिसत होता, तरी तो तिथे वर्षभर पोहत राहिला.

त्या हिवाळ्यात माझं काहीतरी बिघडलं. दिवसा सगळं लख्ख दिसे, पण शाळा सुटून घरी निघाले की सांजवेळी समोरचा धुरा, म्हणजे शेताचा बांधही दिसेना. एकदा सरळ बोडीत पडले. बाबांनी शाळेत येऊन सांगितलं, "पोरीले सांजच्याले दिसत नाई, गुरुजी. आता नाई पाठवत मी तिले." मला रडूच कोसळलं. पाटी-दप्तर सुटणार, आणि मग कायमचंच सुटणार, हे आठ वर्षांच्या मलाही कळत होतं. गुरुजी म्हणाले, "एक महिना द्या, भाऊ. रोज मी स्वतः घरी आणून सोडतो. फक्त तिला रोज मुनग्याचा पाला खाऊ घाला, जवसाच्या तेलात परतून."

मी मात्र हटून बसले. मुनग्याचा पाला म्हणजे घरात काहीच नसताना शिजायची भाजी, शाळेत ती उघडायची लाज वाटे. "मी नाई खात. तुमी खाता का?"

"खातो ना!" गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ते आपला दोन खणांचा पितळी डबा घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसू लागले. वरच्या खणात मुनगा. एक घास त्यांचा, एक माझा. शेवटी पाठ वळवून ते खालच्या खणातला गूळ तोंडात टाकत, आणि आम्ही त्यांना गोडघाशे म्हणून चिडवत असू. हळूहळू सगळी पोरं डब्यात मुनगा आणू लागली. गावही धरूनच चाललं, की गुरुजीले मुनगा भारीच आवडते. कोणाच्याही घरी जा, त्यांच्यापुढे मुनगा. लग्नाच्या पंगतीत पोळी-वरणासोबत त्यांच्यासाठी खास मुनग्याची वाटी. गुरुजी ती पुसून खात, आणि वाढणारी बाई लगेच आणखी वाढी.

संध्याकाळी त्यांच्या छत्रीचं टोक धरून मी घरी जाई. धुऱ्यावर थांबून ते रोज विचारत, "काय दिसतं?" मी रोज म्हणे, "काईच नाई." महिना संपत आला. बाबा रोज दारात उभे असत. एके संध्याकाळी गुरुजींनी पुन्हा विचारलं. मी मान वर केली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या दातात पाला अडकला."

ते बघतच राहिले. मग छत्री टाकून धुऱ्यावरच बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मी पुढे पळाले, एकटीच, थेट दारातल्या बाबांपर्यंत. शाळा सुटली नाही. पुढे मीही शिक्षिका झाले.

तेराव्याला गुरुजींच्या मुलीने, सुधाने, तो डबा माझ्या हाती दिला. मी म्हटलं, "किती आवडायचा गं त्यांना मुनगा!" ती चमकली. "बाबांना? ताई, त्यांना त्याचा वाससुद्धा सहन होत नसे. आमच्या घरात कधी शिजलाच नाही. तुमच्या गावाहून आले की म्हणायचे, आज पुन्हा दोन वाट्या खाल्ल्या गं बाई... आणि तुम्ही इथे भाजी आणलीत की मला डोळ्यांनी दटावायचे, सांगू नकोस म्हणून."

मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग मी जी हसत सुटले ती थांबेचना. सुधाही हसू लागली. माजघरातल्या बायका डोकावून गेल्या, तरी आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. साठ-पासष्ट वर्षं त्यांना भाजी नेऊन देणारी मीच होते!

आता तो डबा माझ्याकडे आहे. काल दिवेलागणीला मुनगा परतला आणि डब्यात घेऊन ओट्यावर खात बसले. गल्लीच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. खालच्या खणात गुळाचा खडा ठेवला आहे, तो त्यांच्या वाटचा. मला लागत नाही. मला मुनगा खरंच आवडतो.